मुनीमाची साखर

मांजराला साखर होते ही गोष्ट दिंद्रुडमध्ये कुणाच्या गावीही नव्हती. त्यामुळे माजलगावच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मुनीमाच्या कानाच्या कडेला बारीक सुई टोचली, आलेला थेंब यंत्राच्या पट्टीला लावला आणि "चारशे बारा" असा आकडा सांगितला, तेव्हा शांतादेवी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिल्या.

"साखर? ह्याला? बाई, बोका हाय हो ह्यो."

"बोका हाय म्हणून तर माझ्याकडं आणलाव," डॉक्टर सुनिता म्हणाल्या. "सरपंच असता तर दुसरीकडं नेला असता."

शांतादेवींचा मुलगा अमरनाथ मागे उभा होता. त्याने तोंडावर रुमाल धरला. मोटारसायकलवर आईला मागे बसवून, तिच्या मांडीवर दुरडीत बोका घेऊन तो आला होता, आणि वाटेत ओळखीच्या दोघांनी हात करून "काय नेताव?" असं विचारलं तेव्हा त्याने "भाजी" असं सांगितलं होतं. आता भाजीला साखर निघाली हे तो कुणाला सांगणार होता?

मुनीम म्हणजे पिवळाजर्द, गलेलठ्ठ बोका. दहा वर्षांपूर्वी विरुपाक्षप्पांना तो गुळाच्या ढेपांमागे सापडला, मुठीएवढा. विरुपाक्षप्पा म्हणजे शांतादेवींचे मालक, बाजारपेठेत घरापुढेच असलेल्या किराणा दुकानाचे धनी. पोराच्या तोंडात घास घालताना कधी दिसले नाहीत, पण ह्या बोक्याला ते मांडीवर घेऊन साय चाटवायचे. तो गादीवर त्यांच्या शेजारी बसून गिऱ्हाइकांकडे असा बघायचा, की येणाऱ्याने मालकाच्या आधी त्यालाच रामराम घालावा. म्हणून मुनीम. विरुपाक्षप्पा जाऊन तीन वर्षं झाली. तेरवा झाल्यावरही बोका महिनाभर गादीवर जाऊन बसायचा, आणि त्याला उठवायची हिंमत अमरनाथला झाली नाही. शांतादेवींच्या लेखी घरात मालकांचं म्हणून जे काही जिवंत उरलं होतं, ते हे एवढंच होतं. तो गेल्या दोन महिन्यांत निम्मा झाला होता, बादलीत तोंड घालून पाणी पीत होता आणि मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालत होता. काहीही करून तो वाचला पाहिजे, एवढंच त्या मनाशी धरून आल्या होत्या.

"दूध बंद," सुनिताबाई बोटांवर मोजत म्हणाल्या. "साय बंद. पोळी, भाकर, पेढा, समदं बंद. त्याला अंडं द्या उकडून, न्हाईतर कोंबडी."

शांतादेवींच्या कानात शिसं ओतल्यासारखं झालं. गळ्यात लिंग बांधलेल्या लिंगायत घरात ज्या शब्दाचा उच्चारही कुजबुजत करतात, तो शब्द ही पोरगी औषधाच्या चिठ्ठीवर लिहीत होती. पोरगी शिरूर कासारची, आईबाप दरसाल ऊस तोडायला जाणारे, ही शिकून म्हशी-शेळ्यांची डॉक्टर झालेली. बोलायला रोखठोक.

"आमच्यात चालत न्हाई," शांतादेवी म्हणाल्या.

"तुमच्यात न्हाई चालत. त्याच्यात चालतंय. त्यानं कुटं लिंग बांधलंय?"

अमरनाथचा रुमाल पुन्हा तोंडावर गेला.

मग बाईंनी सांगितलं की रोज दोन वेळा, सकाळ-संध्याकाळ, बोक्याला इन्सुलिनची एक युनिटची सुई द्यावी लागेल, घरच्या घरी. आता आई गडबडेल, असं अमरनाथला वाटलं. पण झालं भलतंच. शांतादेवींनी पदर सारखा केला आणि ताठ बसल्या. सुई हा त्यांचा प्रांत होता. मालकांना अकरा वर्षं साखर होती, आणि अकरा वर्षं सकाळ-संध्याकाळ सुई त्यांनीच दिली होती. चौथीपर्यंतचं शिक्षण, इंग्रजी आकडा कळायचा पण युनिट-बिनिट हा शब्द त्यांच्या जिभेवर कधी बसला नाही. त्या रेघा मोजायच्या. डॉक्टरनं वीस सांगितले की वीस रेघा, सोळा सांगितले की सोळा. एकदाही चुकल्या नाहीत. "माझ्या हाताचं दुखत न्हाई, ह्येंनाच इचारा," असं त्या माहेरी आष्टीला गेल्या की सांगायच्या, आणि विरुपाक्षप्पा मान हलवायचे. आयुष्यात त्यांना एकाच गोष्टीचा गर्व होता, आणि तो हा.

"मला येतंय समदं," त्या म्हणाल्या. "अन् सुया बी नगा लिहू. घरी हायत की. तांबड्या टोपीच्या, अख्खा खोका आणलता, निम्म्याच्या वर उरल्यात."

दुकानदाराच्या घरात काही फेकत नाहीत. आगपेटीची रिकामी खोकीसुद्धा जपणाऱ्या बाईने सुया का फेकाव्यात?

सुनिताबाईंचा लिहिता हात थांबला.

"आजी, तांबडी टोपी? न्हाई, न्हाई. ती अजिबात वापरू नका." त्यांनी फ्रिजमधून एक छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली आणि शेजारी केशरी टोपीची एक सुई ठेवली. "हे बगा. तांबड्या टोपीची सुई चाळीस नंबरच्या औषधाची. ही बाटली शंभर नंबरची. औषध लई दाट. तांबड्या सुईनं एक रेघ वडली तर आत एक युनिट जात न्हाई, अडीच जातंय. अडीच पट. बोका दोन दिवसांत मरंल." आणि चिठ्ठीकडे वळता वळता, सहज, तोंडातून निघून गेल्यासारखं त्या म्हणाल्या, "बोकाच काय, माणूस बी मरंल."

शांतादेवी बाटलीकडे बघत होत्या.

मालकांचं अकरा वर्षांचं औषध दुधाळ असायचं. बाटली दोन्ही तळव्यांत धरून घोळवावी लागायची. शेवटच्या वेळी मात्र डॉक्टरनं औषध बदललं. साखर वरखाली होतीय, हे नवं घ्या, दिवसातून एकदाच, अठरा. त्या स्वतः औषधाच्या दुकानात गेल्या होत्या. ते औषध दुधाळ नव्हतं, पाण्यासारखं नितळ होतं, आणि त्याची बाटली अशीच होती. हीच. दुकानदाराने विचारलं होतं, सुया देऊ का? आणि त्या म्हणाल्या होत्या, नगं, हायत की घरी.

लहानपणी आष्टीच्या दुकानात वडलांनी त्यांच्याकडून पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी, सगळी पाढ्यांची उजळणी घोकून घेतली होती. पोरीच्या जातीला कशाला, असं आजी म्हणायची, तरी घोकून घेतली होती. साठ वर्षांत तिने कधी दगा दिला नव्हता. आताही दिला नाही. कुणी न विचारता ती आतून आपोआप चालू झाली. अठरा अडीच पंचेचाळीस.

अठरा रेघा. पंचेचाळीस.

मालक सहाव्या दिवशी सकाळी गेले होते.

"आजी?" सुनिताबाई म्हणत होत्या. "ऐकताव ना? आता हे महत्त्वाचं हाय. सुई जास्त झाली, न्हाईतर सुई दिली अन् तो जेवलाच न्हाई, तर साखर एकदम खाली पडतीय. मग तो थरथरंल, लाळ गळंल, झोकांड्या खाईल, येड्यावानी करंल. माणसाला असं झालं की दरदरून घाम फुटतो. तवा वाट बघायची न्हाई. साखरंचं पाणी, मध, जे हाताला लागंल ते बोटानं हिरड्यांला चोळायचं."

"साखर?" शांतादेवींचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. "साखरंच्या पेशंटला साखर?"

"त्या वक्ताला तीच औषध. न्हाई दिली तर मेलाच."

शांतादेवी उठून उभ्या राहिल्या, आणि पुन्हा बसल्या. अमरनाथने विचारलं, काय झालं माय? त्या म्हणाल्या, काय न्हाई, उन्हाचं.

घरी आल्यावर शेजारच्या चतुराबाई दारातच उभ्या होत्या. भिंतीला भिंत लागून घर, चाळीस वर्षांची ओळख. बोक्याला साखर आहे हे ऐकून त्या खांबाला धरून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "अक्का, आता बीपी बी तपासून घ्या त्याचा! अन् चष्मा?" शांतादेवींनी एरवी त्यांना दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी त्या सरळ आत गेल्या, कोठीच्या खोलीत, आणि फळीवरून तो खोका काढला. तांबड्या टोप्या ओळीने बसलेल्या. इतक्या वर्षांत त्यांनी ह्या टोपीचा रंग पाहिला होता, पण रंग म्हणजे काही सांगणं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला त्या औषधाच्या दुकानदाराचाही राग येतो आणि औषध बदलणाऱ्या त्या डॉक्टरचाही. एक वाक्य. एक वाक्य बोलायला काय झालं होतं? पण राग करून शांतादेवींना काय मिळणार होतं? ओढणारा हात त्यांचा होता.

ते सहा दिवस आता एकेक करून समोर येऊन उभे राहिले. पहिल्या सकाळी मालकांचं डोकं धरलेलं. दुसऱ्या सकाळी अंगरखा पिळून काढावा इतका भिजलेला, आणि त्या खूश, नवं औषध लागू पडलं, साखर घामावाटे निघायलीय. चौथ्या दिवशी ते अमरनाथला त्याच्या मेलेल्या काकाच्या नावाने हाक मारत होते. आणि सहावा दिवस. ते ओसरीवरच्या बाजेवर बसले होते, हात थरथरत होते, आणि म्हणाले होते, "शांते, गोड दे काईतरी. जीव चालला बग."

आणि त्या म्हणाल्या होत्या, "म्हातारपणी जीभ लई चाळवली का? अकरा वर्सं पाळलं, आता कावून मोडताव?" आणि त्यांनी बिनसाखरेचा चहा पुढे ठेवला होता. मालकांनी तो घेतला नाही. थोड्या वेळाने त्या भांडी घासून आल्या तर ते भिंतीला टेकून बसले होते, डोळे उघडे. डॉक्टर म्हणाले, हृदय. कुणालाच दुसरं काही वाटलं नाही. चौऱ्याहत्तरचा माणूस, आधी एकदा छातीत दुखून गेलेला. लोकांनी वाजतगाजत नेलं, बसवून समाधी दिली, आणि मठाच्या स्वामींनी सांगितलं, पुण्यवान, बसल्या जागी गेला.

शांतादेवी कोठीत जमिनीवर बसून राहिल्या. रडू आलं नाही. एवढ्या मोठ्या धक्क्याला लगेच रडू येत नाही, ते मागाहून येतं. त्यांना फक्त एकच गोष्ट कळत होती, की हे हात आता कुणाच्या अंगाला लागता कामा नयेत.

संध्याकाळी त्यांनी सून कावेरीला सांगितलं, "तू दे सुई. मला दिसत न्हाई आता."

कावेरी चक्रावली. कालपर्यंत सासूबाई शेवयांच्या पिठातला केस वेचून दाखवत होत्या. पण तिने प्रयत्न केला. पहिल्या दिवशी सुई बोक्याच्या केसांत गेली आणि औषध फरशीवर. दुसऱ्या दिवशी बोक्याने तिच्या मनगटावर तीन ओरखडे काढले. तिसऱ्या दिवशी तिने अमरनाथला बोका धरायला लावलं आणि सुई अमरनाथच्या अंगठ्यात गेली, म्हणजे नवरा थोडक्यात वाचला. बाईंनी घरी दिलेल्या यंत्रावर आकडा आला चारशे अडतीस. मग चारशे सत्तर. बोका मोरीच्या कडेला पडून राहायला लागला, पाण्याजवळ, आणि त्याच्या तोंडाला सडक्या फळासारखा वास यायला लागला. कावेरीने माजलगावला फोन लावला आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"असंच चाललं तर आठ दिवस काढणार न्हाई," सुनिताबाईंचा आवाज आला. "आजी कुठं हायत? त्यांना येत होतं ना?"

कावेरीने सासूकडे पाहिलं. शांतादेवी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

आता हे नीट बघा. सुई दिली नाही तर बोका मरणार, आणि दिली तर कदाचित आपल्या हातून मरणार. मालकांच्या बाबतीत त्यांना हे ठाऊक नव्हतं. बोक्याच्या बाबतीत ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नसतं त्याचं सोपं असतं.

त्या उठल्या. हात साबणाने धुतले, दोनदा. फ्रिजमधून बाटली काढली. केशरी टोपीची सुई उजेडाला धरली आणि कावेरीला म्हणाल्या, "कितीचीय वाच."

"शंभरची."

"बाटली?"

"शंभरची, आत्या."

"पुन्हा वाच."

कावेरीने पुन्हा वाचलं. शांतादेवींनी एक रेघ ओढली. एकच. मानेमागची कातडी चिमटीत उचलली, आणि मुनीमाला कळायच्या आत सुई जाऊन आली होती. त्याने मान वळवूनही पाहिलं नाही. हाताचं खरंच दुखत नव्हतं, आणि ते बघून शांतादेवींना भडभडून आलं. कावेरीला वाटलं, सासूबाईंना बोक्याचा फारच लळा आहे.

त्या दिवसापासून हा नेम लागला. रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सात. दर वेळी कावेरीने दोन आकडे मोठ्याने वाचायचे, सुईचा आणि बाटलीचा, मग रेघ. कावेरी माहेरी गेली तर अमरनाथने वाचायचे. एकदा तो वैतागला, "माय, कालचीच बाटली हाय की!" तर त्यांनी असं बघितलं की पुढे तो बिनतक्रार वाचायला लागला. कानाच्या कडेला आधी कोमट फडकं धरायचं म्हणजे रक्त लवकर येतं, हे त्या आठ दिवसांत शिकल्या. बोकाही शिकला. यंत्राचा डबा उघडल्याचा आवाज आला की स्वतःच येऊन मांडीवर बसायचा, जणू काही हिशेब देणं लागतो. गावातली चार माणसं मुद्दाम उधारीच्या निमित्ताने हा प्रकार बघायला येऊन गेली. एक जण म्हणाला, आप्पांना मिळालं न्हाई ते यंतर मांजराला मिळालं. तो हसून म्हणाला होता. शांतादेवी आत निघून गेल्या. खरंच होतं. मालकांची साखर महिन्यातून एकदा माजलगावला तपासायची रीत होती, आणि त्या सहा दिवसांत तपासायची वेळ आली नव्हती.

अंड्याचं काम चतुराबाईंनी उचललं. हसल्या त्याच, आणि धावूनही आल्या त्याच. त्यांच्यात सगळं चालायचं. सकाळी साडेसहाला त्यांच्या चुलीवर अंडं उकडायचं, मुनीम भिंतीवरून पलीकडे उडी मारायचा, खाऊन मिशा चाटत परत यायचा, आणि मग सुई. त्याची मागची पावलं उभी राहायला लागली. आकडा दोनशेवर आला, मग दीडशेच्या खाली. सुनिताबाई म्हणाल्या, आजी, माझ्यापेक्षा तुमचा हात सरस. आता रोज नका टोचू कान, एक दिवसाआड बघा. शांतादेवींनी ही शाबासकी घरी कुणाला सांगितली नाही.

असा आषाढ सरला. श्रावणाचा पहिला दिवसच सोमवार आला.

सोमवारी ह्या घरात संध्याकाळपर्यंत चूल पेटत नाही. शांतादेवींनी अंघोळ करून लिंगपूजा आटोपली. मुनीम नेहमीसारखा भिंतीवरून गेला, नेहमीसारखा मिशा चाटत आला. कान टोचायचा दिवस नव्हता. कावेरीने दोन आकडे वाचले. आता दीड युनिट चाललं होतं, शांतादेवींनी दीड रेघ ओढली, सुई दिली, आणि बेल निवडायला बसल्या.

साडेनऊच्या सुमाराला कावेरी ओरडली.

मुनीम ओसरीच्या पायरीवरून खाली घसरला होता. उठायला बघत होता आणि मागचे पाय एकीकडे, पुढचे दुसरीकडे जात होते. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. डोळे मोठे, काळे, आणि कुठेच न बघणारे. अंग थडथड उडत होतं.

"चतुरा!" शांतादेवींनी भिंतीवरून हाक घातली. "आज काय खाल्लं ह्यानं?"

चतुराबाई पदराला हात पुसत भिंतीशी आल्या. "आज? आज भगर घातलती की. ताकात कालवून. हुंगलं अन् दोन जिभा ताक चाटून गेला."

"अंडं?"

"अंडं?" चतुराबाई दचकल्या. "अक्का, सरावण लागला की! सरावणात मी अंडं चुलीवर कशी चढवू? अन् तुमीच सोमवार पाळणाऱ्या, म्हणलं तुमच्या बोक्यानं बी एक दिवस..."

त्या पुढे काय म्हणाल्या ते शांतादेवींनी ऐकलं नाही. चतुराबाईंची चूक नव्हती, आणि खरं सांगायचं तर आपल्यापैकी कुणीही हेच केलं असतं. सुई अंगात होती आणि पोट रिकामं होतं. कावेरीने घाईने कान टोचला. अडतीस.

"आत्या, काय करू? आत्या!"

शांतादेवींच्या पायाशी बोका थरथरत होता, आणि त्यांना बाजेवर थरथरणारे हात दिसत होते. गोड दे काईतरी.

"साखर आण," त्या म्हणाल्या. आणि मग एवढ्या जोरात ओरडल्या की दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर आलं. "साखर आण! अमर! साखर आण रं!"

अमरनाथ पुढच्या दुकानातून डबा घेऊनच धावत आला. शांतादेवी मातीत बसल्या. मूठभर साखर वाटीतल्या पाण्यात कालवली, बोट बुडवलं, आणि मुनीमाचा जबडा उचकटून हिरड्यांना चोळलं. पुन्हा बुडवलं. पुन्हा चोळलं. त्याचा दात बोटात रुतला, रक्त आलं, त्यांनी बोट काढलं नाही. "घे," त्या म्हणत होत्या. "घे रं. घे की. किती पायजे तितकी घे." पाण्याचे थेंब त्याच्या छातीवर ओघळत होते आणि मुंग्या लागतील म्हणून पुसायचंही कुणाला सुचत नव्हतं. कावेरी भिंतीशी उभी राहून रडत होती. चतुराबाई भिंतीपलीकडे देवाचं नाव घेत होत्या.

पंधरा मिनिटांनी कान पुन्हा टोचला. त्रेसष्ट. आणखी पंधरा मिनिटांनी शहाऐंशी. मुनीमाने मान उचलली, इकडेतिकडे पाहिलं, आणि ह्या सगळ्या लोकांचा आपल्या ओसरीवर काय संबंध, अशा चेहऱ्याने शांतादेवींच्या बोटावरची साखर चाटायला लागला. चतुराबाई आत गेल्या, आणि थोड्या वेळाने त्यांच्या घरातून चूल फुंकल्याचा आवाज आला. श्रावणातल्या सोमवारी त्यांनी अंडं चढवलं होतं. कावेरी ते आणायला पलीकडे गेली.

ओसरीवर आता दोघंच उरली. आई मातीत बसलेली, आणि मुलगा तिच्यापुढे उकिडवा, साखरेचा डबा हातात धरून.

"आजून घाबरलीस का?" तो म्हणाला. "वाचला की ह्यो."

"अमर," शांतादेवी म्हणाल्या. "तुज्या बापाला म्या मारलं."

त्याने डबा खाली ठेवला.

मग त्यांनी सगळं सांगितलं. बाटलीचं, तांबड्या टोपीचं, अठरा रेघांचं, आणि अठरा अडीच पंचेचाळीस. त्या सांगत होत्या आणि बोट मुनीमाच्या तोंडात होतं. आवाज चढला नाही, पडला नाही, दुकानाची यादी वाचून दाखवावी तसा. "सुईचं मला ठावं नव्हतं. पण त्यांनी गोड मागितलतं रं. तोंडानं मागितलतं. अन् म्या दिलं न्हाई. बोलले वरून. दोन चमचे साखर, अमर. किराणा दुकानाचा मालक, घरात पोत्यानं साखर, अन् दोन चमचे साखरंवाचून गेला. आज बोक्याला दिली. त्यांला न्हाई दिली."

अमरनाथ काय म्हणतो, त्याची त्या वाट बघत होत्या. तो उठून जाईल, नाहीतर ओरडेल, नाहीतर म्हणेल, माय, असू दे, वय झालतं त्यांचं. ह्यातलं कशालाही त्या तयार होत्या. तो जमिनीकडे बघत होता आणि त्याचा खालचा ओठ लहानपणी हलायचा तसा हलत होता.

"माय," तो म्हणाला, "आप्पांनी त्या सकाळी आदी मला मागितलतं. मी दुकान उघडायला निघालतो. म्हणले, बाळा, गुळाचा खडा दे रं एक. किल्ली माज्या हातात होती. म्या म्हणलं, आप्पा, मला उशीर व्हायलाय, मायला इचारा."